सहा मॉक इंटरव्ह्यूंचं पॅकेज घेतलं, त्याचा रिव्ह्यू (आणि ती पीडीएफ उघडू नका)

आधीच सांगते, सर्व्हिसचं नाव टाकत नाहीये. एक तर फुकटची जाहिरात करायची नाही, आणि दुसरं म्हणजे माझी एक तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे, त्यामुळे नाव घेतलं तर तावातावाने भलतंच काहीतरी लिहून बसेन. तसंही अशा मॉक इंटरव्ह्यूवाल्या (म्हणजे खोटा इंटरव्ह्यू घेऊन सराव करून देणाऱ्या) सर्व्हिसा आता ढिगाने झाल्यात आणि आतला माल उन्नीस-बीस सारखाच असतो, म्हणून कुठलीही घेणार असाल तरी हे वाचून थोडा उपयोग होईल.

तर माझी परिस्थिती अशी की सात वर्षं एकाच कंपनीत प्लॅनिंगचं काम करतेय, म्हणजे कुठला माल किती, कधी आणि कुठल्या गोडाऊनला पोचला पाहिजे ते बघायचं, आणि शेवटचा इंटरव्ह्यू दिला तेव्हा मी फ्रेशर होते. आता नोकरी बदलायची म्हणून चार ठिकाणी इंटरव्ह्यू दिले आणि चारही ठिकाणाहून तेच गोडगोड मेल, तुमच्या वेळेबद्दल आभार, आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केलीय, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा वगैरे. नक्की कुठे माशी शिंकली हे कोणी सांगत नाही. काम येतं, सात वर्षं केलंय, मग होतंय काय? शेवटी धाकटा भाऊ म्हणाला ताई तू रात्री अकराला माझ्यासमोर रडण्यापेक्षा कोणाला तरी पैसे दे आणि खरं काय ते ऐकून घे. म्हणून घेतलं.

पॅकेजमध्ये काय होतं: व्हिडिओ कॉलवर सहा लाइव्ह सेशन, प्रत्येक वेळी समोर वेगळा माणूस, प्रत्येक सेशनचं रेकॉर्डिंग, दोन दिवसांत लेखी फीडबॅक, एक एआयवाला एकतर्फी व्हिडिओ इंटरव्ह्यू, आणि "दोनशे प्रश्न, दोनशे परफेक्ट उत्तरं" नावाची पीडीएफ. भाषा निवडता येते, मी पहिली तीन मराठीत आणि नंतरची इंग्रजीत घेतली, हा निर्णय नशिबाने बरोबर ठरला, का ते खाली येईल.

सुरुवातीला एक पंधरा मिनिटांचा कॉल असतो, त्यात एका मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कुठल्या प्रकारच्या इंटरव्ह्यूची तयारी करायचीय?" मी म्हटलं जॉबच्या. त्या हसल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. मग त्यांनी माझ्या चारही रिजेक्शनची एकेक करून चौकशी केली, कोण होतं समोर, किती वेळ चालला, काय काय विचारलं, आणि मग सांगितलं की बघा, तुमचा पहिला होता फोन स्क्रीनिंग, दुसऱ्यात मागचे अनुभव विचारले म्हणजे तो बिहेवियरल, तिसऱ्यात एक्सेलची फाइल दिली म्हणजे टेक्निकल, आणि चौथ्यात तिघे होते म्हणजे पॅनेल, आणि तुम्ही चारही ठिकाणी एकच भाषण करून आलात. मी वहीत लिहून ठेवलेलं ते भाषण, स्वतःबद्दल सांगा या प्रश्नाचं चार मिनिटांचं उत्तर, मला पाठ होतं आणि मी ते सगळीकडे म्हणत होते, आरतीसारखं. अख्ख्या पॅकेजमध्ये या पंधरा मिनिटांतच सगळ्यात जास्त कळलं आणि गंमत म्हणजे हा कॉल फुकट होता.

फोन स्क्रीनिंगच्या सेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथे समोरच्याला तुमच्यातली खोली-बिली मोजायची नसते, त्याच्याकडे एक यादी असते, अनुभव किती, नोटिस पिरियड किती, पगाराची अपेक्षा बसतेय का, बोलता धड येतंय का, आणि वीस मिनिटांत त्याला टिक मारायची की फुली एवढं ठरवायचं असतं. तिथे मी गोडाऊनच्या री-ऑर्डर लेव्हलचं (स्टॉक किती उरला की नवीन मागवायचा त्याचं) गणित समजावत बसले होते. दीड मिनिटात स्वतःची ओळख, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर, जाहिरातीतले तीन-चार शब्द आपल्या कामाशी जोडून सांगायचे, खलास. सेशन ठीक. एक तक्रार म्हणजे यासाठी सहातलं एक अख्खं सेशन घालवायची गरज नव्हती, कोणाही मैत्रिणीला फोनवर बसवून हे होतं.

आता दुसरं सेशन, बिहेवियरल. याच्यासाठी मी पॅकेज पुन्हा घेईन.

प्रकार तुम्हाला माहीत असेल, "अशी एखादी वेळ सांगा जेव्हा" असे सुरू होणारे प्रश्न. सहकाऱ्याशी वाद झाला तेव्हा काय केलंत, डेडलाइन चुकली तेव्हा काय केलंत. यामागचा विचार जुनाच आहे, माणूस पूर्वी खरोखर कसा वागला त्यावरून पुढे कसा वागेल याचा अंदाज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलासाठी काम करताना जॉन फ्लॅनगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांकडून नेमके प्रसंग गोळा करायची पद्धत वापरली, १९५४ साली ती व्यवस्थित मांडली, आणि प्रसंग विचारण्याची ही पद्धत पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूत मुरली. हे मला सेशन घेणाऱ्या सरांनी सांगितलं, ते स्वतः बरीच वर्षं भरती करायचे, आणि त्यांचं म्हणणं एवढंच की प्रसंग विचारला की प्रसंगच सांगा, तुमची मतं सांगू नका. मी टीमवर्कवर विश्वास ठेवते हे मत झालं. मंगळवारी सकाळी ट्रक आलाच नाही, हा प्रसंग.

उत्तराचा साचा सगळीकडे सांगतात तोच, स्टार म्हणतात त्याला, आधी परिस्थिती, मग तुमच्यावर काय जबाबदारी होती, मग तुम्ही काय केलंत, मग निकाल काय लागला. मला तो आधीपासून माहीत होता. माहीत असून काय उपयोग झाला ते रेकॉर्डिंगमध्ये दिसलं. माझा किस्सा असा होता की एका सप्लायरचा माल बंदरात अडकला आणि आमच्याकडे चार दिवसांचाच स्टॉक होता. मी साडेसहा मिनिटं बोलले. त्यातली पाच मिनिटं फक्त परिस्थिती! माल कसा अडकला, कागद कुठे राहिला, सप्लायर कसा आहे, त्याच्या आधी एकदा काय झालं होतं, म्हणजे समोरच्याला गावातल्या भांडणाची पार्श्वभूमी सांगावी तसं. मग "तर मग आम्ही तो प्रश्न सोडवला आणि लाइन काही बंद पडली नाही", झालं, संपलं.

सरांनी थांबवलं नाही. पूर्ण बोलू दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

मी म्हटलं, म्हणजे आमची टीम. "टीममध्ये कोणी सुचवलं दुसऱ्या गोडाऊनमधून माल उचलायचं?" मी. "फोन कोणी केले?" मीच. "साहेबांना कोणी पटवलं?" तेही मीच. "मग हे मला का काढून घ्यावं लागतंय?"

घरी बसून ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि कागदावर रेघा मारत मोजलं, बारा मिनिटांत "आम्ही" आणि "आपण" मिळून एकतीस वेळा, "मी" चार वेळा, आणि त्या चारातला एक "मी जरा पाणी पिते" यातला. हे आपल्या बोलण्यात किती मुरलेलं असतं याची मला कल्पनाच नव्हती, आणि "आम्ही" परवडला असं आपली ती दुसरी खोड, काम कोणी केलं ते गाळूनच टाकायचं. निर्णय झाला, मेल गेला, स्टॉक मिळाला, जणू सगळं आपोआपच घडलं. मी केलं असं म्हटलं की फुशारकी मारल्यासारखं वाटतं म्हणून तोंडातून निघतच नाही. मी इंग्रजीत सेशन घेतलं असतं तर भाषेच्या गडबडीत हे कधी दिसलंच नसतं, म्हणून म्हटलं की सुरुवातीची सेशन मराठीत घेतली ते बरं झालं. आता माझा नियम असा की परिस्थिती तीन वाक्यांत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता सापडला पाहिजे. टीमने जे केलं ते टीमने केलं असंच सांगायचं, फक्त माझा वाटा कुठला ते धूसर ठेवायचं नाही.

याच सरांनी अजून एक करून घेतलं ते म्हणजे किश्शांची वही. दोनशे प्रश्नांची उत्तरं पाठ करण्यापेक्षा खरे घडलेले सात-आठ प्रसंग नीट आठवून ठेवा, आकड्यांसकट, कारण एकच प्रसंग वाद, दबाव, चूक, पुढाकार अशा चार-पाच प्रश्नांना चालतो, फक्त कुठल्या बाजूने सांगायचा ते बदलतं. माझा बंदरातला किस्सा मी आता तीन बाजूंनी सांगू शकते. आणि चुकीचा एक प्रसंग खरा ठेवा म्हणाले, ज्यात खरंच तुमचीच चूक होती. मी एकदा एका ऑर्डरच्या आकड्यात शून्य जास्त टाकून दहापट माल मागवला होता, तो किस्सा मी सात वर्षं लपवून ठेवलेला, तो आता माझा हुकमी किस्सा आहे, कारण त्यानंतर मी ऑर्डर फाइलमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट आकडा दिसला की लाल होणारा चेक बसवला आणि तो आजही सगळे वापरतात.

यानंतर ती पीडीएफ. देवा. "तुमचा दुबळेपणा काय?" याचं परफेक्ट उत्तर काय तर "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे". अहो हे उत्तर ऐकून ऐकून समोरच्यांचे कान किटले असतील. आणि ही पीडीएफ त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जाते, म्हणजे एकाच जागेसाठी आलेले तिघेजण तेच वाक्य त्याच स्वल्पविरामासकट म्हणणार. फुटलेल्या पेपरचा धंदा काही नवीन नाही म्हणा, थॉमस एडिसन १९२१ मध्ये नोकरीला येणाऱ्यांना दीडशेच्या आसपास प्रश्नांची परीक्षा द्यायला लावायचा, आणि ते प्रश्न लगेच फुटून वर्तमानपत्रात छापून आले होते. त्यातला आवाजाचा वेग किती हा प्रश्न आइन्स्टाइनला विचारला तेव्हा त्याने पुस्तकात मिळणारी माहिती मी डोक्यात घेऊन फिरत नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं म्हणतात. असं उत्तर द्यायला आइन्स्टाइन असावं लागतं हे खरं, पण पीडीएफवाल्यांनी निदान मुद्दा तरी घ्यावा.

तिसरं सेशन केस इंटरव्ह्यूचं होतं, म्हणजे एखादा प्रश्न समोर टाकतात आणि तुम्ही तो कसा सोडवत जाता ते बघतात. मला कन्सल्टिंगमध्ये जायचं नाहीये तरी घेतलं कारण ऑपरेशन्सच्या जागांनाही हल्ली छोट्या केस विचारतात. यात दोन तऱ्हा. एक अंदाज बांधायचा, आणि दुसरी धंद्याचा प्रश्न सोडवायचा. अंदाजाच्या प्रश्नांना फर्मी प्रश्न म्हणतात, एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञावरून, शिकागोत पियानोचे सूर लावणारे किती हा त्यातला प्रसिद्ध नमुना. मला विचारलं दहा लाख वस्तीच्या शहरात केस कापणारे किती असतील. मी आधी थेट "पाच हजार?" असा दगड मारला, तो अर्थात फुकट गेला. मग मॅडमनी कागद घ्यायला लावला. दहा लाखांतले निम्मे लोक महिन्यातून एकदा दुकानात जाऊन केस कापतात असं धरलं, म्हणजे महिन्याला पाच लाख कटिंग. एक माणूस दिवसाला पंधरा डोकी उरकतो, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ३७५. पाच लाख भागिले ३७५, साधारण तेराशे. मला वाटलं आता ते तेराशे बरोबर आहे का ते सांगतील. त्या म्हणाल्या आकड्याचं मला काही नाही, तुमच्या गृहीतकांतलं सगळ्यात कच्चं कुठलं ते सांगा. विचार केला तर "निम्मे लोक" हेच, कारण ते तीस टक्के धरलं तर उत्तर आठशेवर येतं. तर हे असं, उत्तराला मार्क नाहीत, आपला कुठला पाय लटपटतोय ते आपल्याला कळतं का याला आहेत.

बस गोल्फच्या चेंडूंनी कशी भराल छापाची कोडी मात्र त्यांनी घेतलीच नाहीत आणि ते बरं केलं. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीच २०१३ मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं होतं की अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यातून पुढच्या कामाचा काही अंदाज येत नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं. तरी कोणी विचारलंच तर हसून वरच्यासारखं तुकडे पाडत जायचं.

धंद्याच्या केसमध्ये नफा घटला, का? हा सगळ्यात नेहमीचा. नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा, विक्री म्हणजे किंमत गुणिले नग, एवढं झाड कागदावर काढून एकेक फांदी तपासत जायची. मी पहिल्याच मिनिटाला "मार्केटिंग वाढवा" म्हणून मोकळी झाले. आजार माहीत नसताना गोळी.

टेक्निकल सेशन हे माझं हक्काचं, त्यामुळे तिथे गर्वाचं घर खाली होणार हे ठरलेलंच होतं. स्क्रीन शेअर करून एक शीट दिली, काही हजार ऑर्डर, प्रश्न असा की कुठल्या गोडाऊनमधून उशीर जास्त होतोय. मला काय, हात शिवशिवत होते, लगेच पिव्होट टाकला, फॉर्म्युले लावले, वीस मिनिटं तोंडातून ब्र नाही. समोरचे सरही गप्प. उत्तर काढलं आणि विजयी मुद्रेने बघितलं तर ते म्हणाले, "कॅन्सल झालेल्या ऑर्डर धरायच्या होत्या का?" मी विचारलंच नव्हतं. आणि एकाच ऑर्डरच्या दोन-दोन ओळी होत्या त्या बघितल्याच नव्हत्या. आणि उशीर म्हणजे निघायला उशीर की पोचायला उशीर, तेही नाही. फीडबॅकमध्ये त्यांनी लिहिलं ते जसंच्या तसं देते, "तुम्हाला टूल उत्तम येतं, पण तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला वीस मिनिटं कळलं नाही, त्यामुळे तुम्ही अडकला असतात तर मी हातही देऊ शकलो नसतो." कोडिंगवाल्यांनाही हेच लागू, माझा भाऊ डेव्हलपर आहे, तो म्हणाला आमच्यात पण आधी प्रश्न विचारायचे, मग छोटं उदाहरण हाताने करून बघायचं, मग साधं का होईना चालणारं उत्तर, मग ते सुधारायचं, आणि हे सगळं बोलत बोलत. बोलत बोलत काम करणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते घरी एकटीने भिंतीशी बोलूनच येतं, मी भाजी चिरताना पण आता मी आता हे का करतेय ते सांगत असते, घरच्यांनी सोडून दिलंय.

पॅनेलचं सेशन त्यांनी चांगलं वठवलं. तिघे होते, एक गोड, एक सतत टाइप करणारा, एक मध्येच तोडून विचारणारी. नंतर कळलं की टाइप करणारा खोटंच टाइप करत होता, मी किती बिथरते ते बघायला. मी बिथरले, आणि नकळत सगळी उत्तरं त्या गोड माणसाला देत बसले कारण तो मान हलवत होता. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून सुरुवात करायची, बोलता बोलता बाकीच्यांकडे नजर फिरवायची, आणि शेवट परत विचारणाऱ्याकडे, एवढी साधी गोष्ट. आणि मान न हलवणारा माणूस नापसंत करतोय असं नसतं, बऱ्याचदा तो बिचारा फॉर्म भरत असतो.

पाचव्यानंतर एक अर्धा तास त्या पहिल्या मॅडमशी परत बोलायला मिळाला आणि तिथे मी विचारलं की ज्याला काही साचाच नाही, नुसत्या गप्पा, चहाचा कप हातात आणि बोला काय म्हणता, त्याची तयारी कशी करायची. कारण माझ्या मते तोच सगळ्यात सोपा. त्यांनी मला उलटंच दाखवलं. सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न आणि गुण द्यायची ठरलेली पट्टी, अशा इंटरव्ह्यूवरून पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला येतो हे संशोधनात वारंवार दिसलंय. श्मिट आणि हंटर या संशोधकांच्या १९९८ च्या मोठ्या आढाव्यात ठरलेल्या पद्धतीच्या इंटरव्ह्यूला ०.५१ आणि गप्पांच्या इंटरव्ह्यूला ०.३८ असा आकडा होता (१ म्हणजे अचूक अंदाज), आणि सॅकेट वगैरे संशोधकांनी २०२२ मध्ये सगळं परत तपासलं तर दोन्ही खाली आले, ०.४२ आणि ०.१९. म्हणजे गप्पांचा निम्म्याहून कमी. याहून मजेशीर प्रयोग २०१३ चा, त्यात विद्यार्थ्यांच्या पुढच्या मार्कांचा अंदाज मुलाखत घेऊन बांधायचा होता आणि काही मुलाखतींत उत्तर देणारा खरं न सांगता ठरवून दिलेल्या नियमाने वाट्टेल ते हो-नाही म्हणत होता, आणि मुलाखत घेणाऱ्यांना पत्ताच लागला नाही, उलट आपल्याला माणूस कळला असंच त्यांना वाटलं.

मी म्हटलं मग उमेदवाराने काय करायचं, नशिबावर सोडायचं? त्या म्हणाल्या नाही, साचा नसेल तर तुम्ही न्या. गप्पांत एखादी फट दिसली की आपला एक प्रसंग त्यात बसवा, नाहीतर अर्धा तास छान जाईल, दोघांना मजा येईल आणि निघाल्यावर त्याला तुमच्याबद्दल लिहायला काही नसेल. १९२० मध्ये थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना गुण कसे देतात ते बघताना लक्षात आणून दिलं होतं की एका गोष्टीत माणूस आवडला की बाकी गोष्टींतही गुण चढतात. गप्पांमध्ये तर सगळा कारभारच त्यावर, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत आवाज खणखणीत ठेवा, एवढंच आपल्या हातात. हे ऐकून एक झालं, माझी चार रिजेक्शन मी माझ्या लायकीवरचा कोर्टाचा निकाल समजत होते ते जरा कमी झालं.

आता वाया गेलेलं. एआयवाला एकतर्फी व्हिडिओ इंटरव्ह्यू. स्क्रीनवर प्रश्न येतो, तीस सेकंद विचाराला, दोन मिनिटं उत्तराला, समोर कोणी नाही, आपलंच थोबाड. सराव म्हणून ठीक, कारण खऱ्या भरतीतही हा प्रकार येतो, आणि दोन गोष्टी कळल्या, की स्क्रीनकडे न बघता कॅमेऱ्याच्या भोकाकडे बघायचं (मी तिथे एक पिवळा कागद चिकटवला), आणि दोन मिनिटं पूर्ण भरायची सक्ती नसते, सव्वा मिनिटात उत्तर संपलं तर थांबायचं. पण रिपोर्ट काय तर "उत्साह ६२ टक्के, आत्मविश्वास ५८ टक्के, हास्य कमी". कशावरून? मी दुसऱ्या दिवशी तेच उत्तर खिडकीकडे तोंड करून परत दिलं तर उत्साह ७९ झाला. म्हणजे उत्साह माझा नाही, सूर्याचा. चेहऱ्यावरून माणूस वाचायच्या या धंद्यावर आधीच इतकी टीका झालीय की व्हिडिओ इंटरव्ह्यूतली मोठी कंपनी हायरव्ह्यू हिने जानेवारी २०२१ मध्ये चेहऱ्याचं विश्लेषण सोडल्याचं जाहीर केलं, आणि युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या सिस्टिमवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून. आणि हे लोक तोच आकडा मला सुधारणेचा आलेख म्हणून विकतायत. तो रिपोर्ट बघून घाबरू नका, दिवा समोर ठेवा आणि पुढे चला.

सहावं सेशन "स्ट्रेस इंटरव्ह्यू आणि सॅलरी" असं एकत्र होतं. स्ट्रेसच्या नावाखाली समोरचा माणूस अर्धा तास उद्धटपणे बोलला, सात वर्षं एकाच ठिकाणी म्हणजे तुम्हाला बाहेर कोणी घेत नाही का वगैरे. बरं हे खरंच कोणी विचारेल, पण मग त्यावर काय बोलायचं ते तरी शिकवा ना. मी स्वतःच नंतर ठरवलं, एक श्वास, आणि मग टोमण्यातला खरा प्रश्न तेवढा उचलायचा (सात वर्षांत वाढ काय झाली हाच ना), त्याचं उत्तर द्यायचं, टोमणा तिथेच पडू द्यायचा. पगाराला शेवटची सहा मिनिटं उरली आणि त्यात कॉल तुटला. तोच भाग मला हवा होता! पगार कसा मागायचा, आकडा आधी कोणी बोलायचा, ऑफर आल्यावर किती दिवस मागायचे. कॉल परत लागला नाही, आणि सेशन पूर्ण झालं अशी नोंद.

त्यानंतर दोन खरे इंटरव्ह्यू दिले. पहिल्यात नाही झालं, पण यावेळी कुठे घसरले ते मला बाहेर पडताना लिफ्टमध्येच माहीत होतं, केसमध्ये परत आधी गोळी दिली. दुसऱ्यात बिहेवियरल आणि पॅनेल झालेत, शेवटचा राऊंड बाकी आहे. त्या पॅनेलमध्ये शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणाले तेव्हा नेहमीसारखं नाही नाही सगळं क्लिअर आहे न म्हणता मी विचारलं की या जागेवर येणाऱ्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय केलं तर तुम्हाला वाटेल बरं झालं घेतलं. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली आणि मग एकमेकांकडे बघितलं. ते तीन मुद्दे वहीत आहेत, पुढच्या राऊंडची निम्मी तयारी तीच.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. दुसरं आणि चौथं सेशन पाचपैकी पाच, पीडीएफ शून्य, एआयचा रिपोर्ट त्याहून खाली. सेशन एकेक करून वेगळी विकत मिळत असतील तर बिहेवियरल, टेक्निकल आणि पॅनेल एवढी तीनच घ्या, फोनचा सराव घरी करा, आणि रेकॉर्डिंग देत नसतील तर घेऊच नका, कारण माझे एकतीस "आम्ही" मला फीडबॅकच्या कागदावरून कधीच पटले नसते. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून, समोर भावाबहिणीला बसवून, त्यांना फक्त दोनच प्रश्न द्या, "म्हणजे कोण?" आणि "मग तू काय केलंस?" माझा भाऊ आता हे इतक्या उत्साहाने करतो की दूध उतू गेलं म्हटलं तरी विचारतो, कोणी घालवलं?

पगारवाल्या तुटलेल्या सेशनसाठी दोन मेल केलेत, अजून उत्तर नाही. आलं आणि सेशन परत दिलं तर इथेच एडिट करून अर्धा स्टार वाढवेन.